पिओलाचे ओझे वाहिलेल्या फ्रेडी वॉशिंग्टन

‘इमिटेशन ऑफ लाइफ’ हा १९३४ सालचा हॉलिवूडचा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा पिओलाचा मला मनापासून राग आला होता. डिलायला या कृष्णवर्णीय मोलकरणीची ही मुलगी इतकी उजळ आहे, की अनोळखी माणसाने तिला गोरीच समजावे. घर सोडून ती एका उपाहारगृहात गल्ल्यावर नोकरी धरते, शोध घेत आई तिथे पोहोचते आणि पोटची मुलगी चारचौघांत आईची ओळख नाकारते. त्या क्षणी पिओला साकारणाऱ्या फ्रेडी वॉशिंग्टन यांच्या चेहऱ्यावर नकार आणि त्या नकाराची लाज एकाच वेळी दिसते.

या अभिनेत्रीचे आयुष्य वाचले आणि माझा राग दुसरीकडे वळला. हॉलिवूडने त्यांना कामे दिली नाहीत आणि असंख्य प्रेक्षकांनी पिओलाची इच्छा हीच त्यांची इच्छा मानली. यांतला दुसरा अन्याय मला अधिक बोचतो, कारण ज्या मोहाला पिओला बळी पडते, तो या बाईंनी जन्मभर दूर ठेवला.

त्यांचा जन्म १९०३ साली जॉर्जियातील सव्हाना येथे झाला. आई लवकर गेल्यामुळे बालपणाचा काही काळ पेन्सिल्व्हेनियातील एका कॉन्व्हेंटमध्ये गेला आणि पुढे त्या न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आल्या. १९२१ साली गाजलेल्या ‘शफल अलाँग’ या कृष्णवर्णीय कलावंतांच्या संगीतिकेत त्या समूहनर्तिका होत्या, तर १९२६ साली ‘ब्लॅक बॉय’ या नाटकात त्यांनी कृष्णवर्णीय गायक-अभिनेते पॉल रोबसन यांच्यासमोर भूमिका केली. तीही भूमिका गोरी म्हणून वावरणाऱ्या स्त्रीचीच होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यांचा वर्ण उजळ होता, डोळे हिरवट होते, आणि याच गोष्टी पडद्यावर त्यांच्या आड आल्या. १९३३ सालच्या ‘द एम्परर जोन्स’ या चित्रपटात रोबसन यांच्याबरोबरच्या प्रसंगांसाठी त्यांच्या अंगाला गडद रंग फासण्यात आला, कारण कृष्णवर्णीय नायकाच्या मिठीत गोरी स्त्री आहे असा प्रेक्षकांचा समज होईल, अशी भीती होती. पुढच्याच वर्षी, चित्रपटांत काय दाखवू नये हे ठरवणारी हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे राबवली जाऊ लागली आणि तिच्यात गोऱ्या व कृष्णवर्णीय व्यक्तींचे प्रेमसंबंध दाखवण्यास स्पष्ट मनाई होती. त्यामुळे गोऱ्या नायकाची नायिका होण्याची वाट त्यांना बंद झाली, कृष्णवर्णीय नायकाशेजारी त्या ‘फार गोऱ्या’ ठरल्या, आणि कृष्णवर्णीय स्त्रीसाठी राखून ठेवलेल्या मोलकरणीच्या साच्यातही त्या बसेनात. १९३७ सालच्या ‘वन माइल फ्रॉम हेवन’नंतर त्यांची चित्रपट-कारकीर्द जवळजवळ थांबली.

गोरी म्हणून वावरण्याचे सल्ले त्यांना मिळाले होते. मी कृष्णवर्णीय आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, हे त्यांनी वेळोवेळी जाहीरपणे सांगितले. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाबरोबर अमेरिकेच्या दक्षिण भागात फिरताना, जिथे कृष्णवर्णीयांना मज्जाव होता अशा दुकानांत जाऊन त्या आइस्क्रीम विकत घेत आणि बाहेर उभ्या असलेल्या वादकांना आणून देत, अशी एक आठवण सांगितली जाते. आपल्या रंगाचा फायदा त्यांनी घेतला तो असा, आपल्या माणसांसाठी. मला ही आठवण त्यांच्या कोणत्याही भूमिकेइतकीच मोलाची वाटते.

१९३७ साली कृष्णवर्णीय कलावंतांच्या कल्याणासाठी ‘निग्रो अ‍ॅक्टर्स गिल्ड’ उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. १९३९ साली ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर ‘माम्बाज डॉटर्स’ या नाटकात त्यांनी गायिका-अभिनेत्री एथेल वॉटर्स यांच्या मुलीची भूमिका केली. चाळीसच्या दशकात हार्लेममधील ‘पीपल्स व्हॉइस’ या साप्ताहिकात त्या रंगभूमी आणि चित्रपटांविषयी लिहीत असत, आणि कृष्णवर्णीय कलावंतांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांची लेखणी भीड बाळगत नसे. ‘अभिनेत्री’ या एकाच शब्दात त्यांना बसवले, की हे सारे काम नजरेआड होते, आणि माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे.

१९५९ साली ‘इमिटेशन ऑफ लाइफ’ पुन्हा निघाला. या वेळी त्या मुलीची भूमिका सुझन कोनर या अभिनेत्रीला मिळाली, जी कृष्णवर्णीय नव्हती, आणि साहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिला नामांकनही मिळाले. १९३४ साली साहाय्यक भूमिकांसाठी ऑस्कर देण्याची प्रथाच सुरू झालेली नव्हती. जी भूमिका पहिल्यांदा पडद्यावर उभी करताना एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीने आपल्या नावावर कायमचा गैरसमज ओढवून घेतला, ती पंचवीस वर्षांनी पुन्हा करण्यासाठी हॉलिवूडला कृष्णवर्णीय अभिनेत्री निवडावीशी वाटली नाही. फ्रेडी वॉशिंग्टन तेव्हा ५५ वर्षांच्या होत्या आणि अभिनयापासून दूर गेल्या होत्या.