लहान मुलांना अंगकोर वाटमध्ये सोडत नाहीत? अर्धवट माहिती आहे ही

कंबोडियाला सिएम रीपला मुलांना घेऊन जाऊ नका, 12 वर्षांखालच्या पोरांना तिथल्या अंगकोर वाट मंदिरात प्रवेशच नाही, असा मेसेज फिरतोय आणि तो वाचून लोक प्लॅन कॅन्सल करतायत, म्हणून हे लिहितेय. प्रवेश आहे, आणि 12 च्या आतल्यांना तिकीटही नाही, फक्त वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. मोठ्यांचा पास एका दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, आणि तो तीन दिवसांचा सलग वापरावा लागत नाही, 10 दिवसांत कधीही चालतो, मुलं बरोबर असतील तर हाच घ्या, मधे एक दिवस आराम देता येतो.

बंदी आहे ती फक्त बाकानला, म्हणजे मंदिराचा सगळ्यात वरचा मजला. जिना फार उभा आहे, त्यामुळे नियम योग्यच वाटतो मला. आईबाबांनी आळीपाळीने वर जाऊन यावं, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

आणि खरं सांगू का, मुलांसाठी मजा खालीच आहे. खालच्या गॅलरीत भिंतीवर कुरुक्षेत्राचं युद्ध, लंकेतली लढाई आणि जवळजवळ 49 मीटर लांब समुद्रमंथन कोरलंय, 12 व्या शतकातलं! गोष्टी आधी सांगून ठेवा, मग हनुमान शोधायला पोरं स्वतःच पुढे पळतात. विमानतळ मात्र 2023 पासून नवा आहे, गावापासून बराच लांब, गाडी आधीच ठरवा.