ब्युटाइल लिथियम राहू द्या, चिवडा जपा

ऑगस्ट महिना, बडोद्यात विश्वामित्री नदी काठोकाठ, दांडिया बाजारातल्या घरी मीठ बरणीतून खरवडून काढावं लागतंय आणि तुम्हाला नेमकी आजच रिअॅक्शन लावायचीय? उत्तम मुहूर्त. लावाच.

ब्युटाइल लिथियम, म्हणजे पाण्याचा थेंबही न सोसणारं लॅबमधलं रसायन, त्याची बाटली फ्रिजमधून काढली की थंडगार असतानाच सुई टोचा. रूम टेंपरेचरला येईपर्यंत थांबतात ते पीएचडीला सात वर्षं लावणारे लोक. बाटलीवर दव जमेल, सेप्टमच्या (बाटलीच्या रबरी बुचाच्या) खळग्यात एखादा थेंब साचेल, सुईबरोबर आत जाईल, जाऊ द्या, एका थेंबानं काय होतं? हिशेबच करायचा तर 1.6 मोलरचं (लिटरला 1.6 मोल) 10 मिली म्हणजे 16 मिलिमोल, आणि ते संपवायला पुरणारं 16 मिलिमोल पाणी म्हणजे जेमतेम 0.29 ग्रॅम, अंदाजे सहा थेंब. सहा थेंबांत अख्खी सिरींज बाद. पण हिशेब करायला वेळ आहे कुणाला.

सिरींज ओव्हनमध्ये ठेवायची भानगड नको, असीटोनने खळखळून धुवा आणि तोंडाने फुंकर मारा. (असीटोनवर ब्युटाइल लिथियम पाण्याइतकंच आनंदानं तुटून पडतं, आणि तुमच्या फुंकरीतही पाणी असतं, पण हे असं ऐकवलं की लोक मला खडूस म्हणतात.) बाटलीत आधी नायट्रोजन सोडायचा नाही, नुसतंच ओढायचं, म्हणजे आत व्हॅक्यूम होतो आणि बाटली जुन्या भोकांतून बडोद्याची हवा स्वतःच ओढून घेते. दहा-बारा वेळा टोचून सेप्टमची चाळणी झाली की वरून पॅराफिल्म (मेणासारखी ताणली जाणारी पट्टी) गुंडाळा. पॅराफिल्म म्हणजे आपल्या लॅबचा अंगारा, लावला की भूतबाधा होत नाही. महिन्याभरानं तळाशी पांढरं बसलेलं दिसलं तर हलवून घ्या, औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतंच की, वापरण्यापूर्वी चांगली हलवा.

टायट्रेशन करून खरी ताकद मोजायची? कशाला? लेबलवर 1.6 छापलंय ना! डायफिनाइल असेटिक अॅसिड घ्या, टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवा, पिवळा रंग टिकेपर्यंत थेंबथेंब सोडा, वीस मिनिटं जातात हो. त्यापेक्षा तीन दिवस फेल रिअॅक्शनचं टीएलसी (रिअॅक्शन झाली का ते दाखवणारी चाचणी) बघत बसलेलं परवडलं.

टीएचएफचं तर विचारूच नका. सोडियम-बेंझोफिनोनवर तो निळाजांभळा होतो तेव्हा कोरडा झाला असं जुनी मंडळी सांगतात. तुमचा पिवळाच राहिला? ट्यूबलाइटचा दोष असेल. मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे मणी) वापरत असाल तर डब्यातून काढून थेट टाका, 300 डिग्रीला व्हॅक्यूममध्ये तापवून अॅक्टिव्हेट करायचे असतात वगैरे आमच्या सीनियरना कधी पटलं नाही. त्यांच्या मते सीव्ह जन्मतःच कोरडे. पाण्याशी तसंच वैर असलेल्या सोडियम हायड्राइडची बरणी उघडी ठेवून निवांत वजन करा, मध्येच फोन आला तर घ्या, घरचाच असतो. डेसिकेटरमधलं (वस्तू कोरड्या ठेवायच्या भांड्यातलं) निळं सिलिका जेल ओल शोषून गुलाबी झालं की समजायचं, सणासुदीचे दिवस आले.

ग्रिन्यार (मॅग्नेशियम आणि ब्रोमाइडची रिअॅक्शन) सुरू होत नसेल तर सगळं ब्रोमाइड एकदम ओता आणि चहाला जा. परत याल तेव्हा ईथर कंडेन्सरमधून छताकडे निघालेलं असेल. (हे मात्र खरंच करू नका, थोडंच घालायचं, आयोडीनचा खडा टाकायचा, सुरू झालं की मग हळूहळू.) आणि टर्शरी ब्युटाइल लिथियमवर मला विनोद सुचत नाही. ते हवेत आपोआप पेटतं. 2008 च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसला यूसीएलए विद्यापीठात सिरींजचा दट्ट्या निसटला, अंगावर लॅबकोट नव्हता, 23 वर्षांची रिसर्च असिस्टंट भाजली आणि जानेवारीत गेली. असो.

यील्ड (हाती आलेला माल) शून्य आल्यावर सरांना एवढंच सांगा, 'सर, ह्युमिडिटी फार आहे.' सर खिडकीबाहेर बघतात, मान डोलावतात, वर्षानुवर्षं हेच चाललंय.

मग चार वाजता डबा काढा. मावशीनं दिलेला पोह्यांचा चिवडा. (आपला तो लीलो चिवडा नव्हे, गुजरातीत लीलो म्हणजे ओला, त्याच्या नावातच ओल आहे.) आधी रबर लावलेली पिशवी, ती स्टीलच्या डब्यात, डब्याला घट्ट झाकण, आणि डबा कोरड्या कपाटात सगळ्यात वरच्या खणात. घ्यायचा तर कोरड्या चमच्यानं, हात घातलेला चालत नाही. आणि कुणी डबा दोन मिनिटं उघडा ठेवला की ब्युटाइल लिथियम टोचता टोचता अख्खी लॅब एका सुरात ओरडते, "अरे झाकण लाव, मऊ पडेल!"