आई डावीकडे, मुलगी उजवीकडे

रेडिओ माहितीपट करायचाय ना? मग विषय शोधत वणवण फिरू नका. एक आई घ्या, तिची परक्या देशात वाढलेली मुलगी घ्या आणि दोघींच्या मधोमध 'संस्कृती' ठेवा. पुढचं आपोआप होतं.

मुलगी मात्र पारखून घ्या. तुमच्या श्रोत्यांची भाषा तिला फर्डी यायला हवी. आईने शक्यतो गप्प राहावं. बोललीच तर तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत. दुभाषावर पैसे घालवू नका, मुलगी आहे की! शाळेतली पत्रं, डॉक्टरांच्या सूचना, बँकेचे अर्ज हे सगळं स्थलांतरित घरांतली पोरं लहानपणापासून आईबापांना समजावून सांगत असतात, तेही बिनपगारी. तेव्हा आईच्या तक्रारी मुलीच्याच तोंडून वदवून घ्या, मुलीबद्दलच्यासुद्धा. आई अडीच मिनिटं तावातावाने बोलेल आणि मुलगी सांगेल, "ती म्हणतेय, ठीक आहे." उरलेल्या बोलण्याचं काय झालं, असं खोदून विचारू नका. आणि मग निवेदनात सूर खाली आणून म्हणा, 'या दोघींना जोडणारी भाषाच आता उरलेली नाही.'

आता माइक. मुलीला स्टुडिओत बसवा आणि माइक तोंडाशी आणा. एका दिशेचं टिपणारा माइक असा जवळ धरला की आवाजातले खालचे सूर फुगतात; श्रोत्याला वाटतं, पोरगी आपल्याच कानाशी बोलतेय. आईला फोनवर घ्या. जुन्या पद्धतीच्या साध्या फोनमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे जातो. बाईच्या आवाजाचा मूळ सूर बहुधा 200 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो अलीकडेच राहतो. वरच्या सुरांवरून ऐकणाऱ्याचा मेंदू तो स्वतःच जुळवून घेतो. असल्या फोनवर वर्षानुवर्षं आईशी बोललेल्या मुलीने निम्मी आई पदरचीच घालून ऐकली, असं म्हणायला हरकत नाही. एवढ्यावरसुद्धा एक माहितीपट होईल. पण तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. त्यात भांडण नाही.

आईचं मूळ बोलणं दोन-तीन सेकंद ऐकू द्यावं, मग ते दाबून वर भाषांतर चढवावं, हा रिवाज पाळाच. भाषांतर वाचायला आवाजात कंप असलेली नटी बघा. आई तिच्या भाषेत खोचक बोलत असते, मधेच एखादी कोपरखळी मारते, तुमच्या बुटांवरसुद्धा. ते सगळं गाळा. भाषांतरातली आई भाबडी हवी. तिची वाक्यं चार शब्दांची हवीत आणि त्यांतला एक शब्द 'माती' हवा. तिच्यामागे एखादं तंतुवाद्य सोडून द्या. कुठल्या देशाचं ते कोण तपासतंय?

भांडणाचं कारण विचाराल तर पंचाईत होईल, हे आधीच सांगून ठेवतो. मुलगी म्हणेल, आई माझा पगार सगळ्यांना सांगते. आई म्हणेल, ही फोन उचलत नाही आणि उचलला की घाईत असते. एका गल्लीत जन्मून एकच भाषा बोलणाऱ्या मायलेकीही याच कारणावरून अबोला धरतात. हे श्रोत्याच्या लक्षात आलं, तर तुमचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम चार मिनिटांत आटोपेल. म्हणून प्रत्येक उत्तरावर मान हलवून विचारा, "म्हणजे हा दोन संस्कृतींचा संघर्षच, नाही का?" तिसऱ्यांदा विचारलंत की बिचारी हो म्हणेल. तेवढं ठेवा.

तंत्राच्या इतिहासात शिरू नका, तिथे धोका आहे. स्टेफान कुडेल्स्की वॉर्सात जन्मला, युद्धामुळे कुटुंबासह परागंदा झाला आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याने खांद्याला अडकवून नेता येईल असा टेपरेकॉर्डर बनवला, 1951 साली. त्याचं नाव त्याने 'नाग्रा' ठेवलं. पोलिशमध्ये अर्थ होतो, 'ध्वनिमुद्रण करील'. यंत्र परक्या देशात, नाव घरच्या भाषेत, आणि त्यापायी त्याचे दोन तुकडे झाल्याचं ऐकिवात नाही. असला माणूस तुमच्या कार्यक्रमाच्या काय कामाचा?

संकलनात आईला डाव्या कानात टाका, मुलीला उजव्या. दरी सरळ ऐकूच येते. एकच इअरफोन लावणाऱ्याला एकच बाई ऐकू येईल, पण त्याला इलाज नाही.

शेवटाला मात्र मुलीला घेऊन आईच्या घरी जावंच लागतं, कारण भेट हवी. मिठीला आवाज नसतो ही रेडिओची जुनी अडचण. कपड्यांची सळसळ नीट मिळेपर्यंत दोघींना पुन्हा पुन्हा मिठी मारायला लावा. मग निघण्याआधी खोलीची शांतता मुद्रित करून घ्या, एक मिनिटभर. संकलनातले सांधे बुजवायला ती लागते. सगळ्यांनी स्तब्ध बसायचं.

विसाव्या सेकंदाला आई हलकेच काहीतरी पुटपुटेल. मुलगी ओठ दाबून धरेल, मग फिसकन हसेल, आणि दोघी पोट धरून हसत सुटतील. काय म्हणाल्या, असं तुम्ही विचाराल. मुलगी डोळे पुसत सांगेल, "काही नाही, हे नाही सांगता येणार."

ते मिनिट बाद झालं. पुन्हा घ्या, आणि या खेपेला दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा.