बारा वर्षांच्या पोरीला ही पुस्तकं देऊ नका

आज उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये जुन्या पुस्तकांची विक्री होती आणि तिथे माझं डोकं सटकलं. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढे जावं.

हैदराबादहून नुकतीच डॅलसला आलेली एक तरुण आई टेबलापाशी उभी होती. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, हातात ज्यूसचा डबा. टेबलामागच्या बाई 'लेफ्ट बिहाइंड'च्या मुलांसाठीच्या पुस्तकांचा भलामोठा खोका तिच्यापुढे सरकवत होत्या. "माझी तिन्ही मुलं हे वाचूनच प्रभूकडे आली, एका उन्हाळ्यात!" आणि किंमत पाच डॉलर. एवढ्या स्वस्तात तारण कुठे मिळतं?

मी मध्ये पडले. म्हटलं, हे नको घेऊस गं. त्यावर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातलं श्वापद ते मीच.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स या जोडीने 1995 साली ही कादंबरी-मालिका सुरू केली. 2007 पर्यंत सोळा भाग आले, सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या. 2001 साली अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेली हार्डकव्हर कादंबरी म्हणजे याच मालिकेचा नववा भाग. गोष्ट अशी: शिकागोहून लंडनला निघालेल्या जंबो विमानातली माणसं मध्यरात्री एकाएकी नाहीशी होतात. सीटवर नुसते कपडे उरतात. जगभर हेच. खरे विश्वासणारे वर उचलले गेले, लहान मुलं तर झाडून सगळी गेली. त्या विमानाचा पायलट घरी येतो तर बायकोचा नाइटगाउन पलंगावर, पण बायको नाही. मग एक रुमानियन पुढारी संयुक्त राष्ट्रांचा प्रमुख होतो, तोच ख्रिस्तविरोधी. त्याची राजधानी इराकमध्ये, नवी बाबेल. सात वर्षं महासंकट, आणि 2004 च्या बाराव्या भागात प्रभूचं आगमन.

पकड घेतं, हे मान्य. मीही पहिला भाग एका रात्रीत संपवला होता.

मुलांची मालिका वेगळी, चाळीस पुस्तकांची. त्यात चार मुलं मागे राहतात. आईबाप गेले, धाकटी भावंडं गेली, आणि ही चौघं उरली. हे असं पुस्तक माझ्या लेकीच्या हातात पडलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. म्हणजे लहान मुलांबरोबर सुटायला मोठी आणि हे सगळं समजायला लहान.

तर एका दुपारी ती शाळेच्या बसमधून उतरून घरी आली. दार उघडं. लॅपटॉप चालू, ओट्यावर अर्धा कप चहा, शेजारी पप्पाचा फोन आणि गाडीची किल्ली. हाका मारल्या, उत्तर नाही. वर गेली, तर बाथरूमच्या दाराशी पप्पाची पँट. माझ्या नवऱ्याची पँट काढण्याची तऱ्हा ज्यांनी पाहिली आहे (त्याच्या हॉस्टेलवाल्यांनो, तुम्ही) त्यांना कळेल. पायातून जशी खाली येते तशीच ती जमिनीवर राहते, दोन भोकांची, कंबरपट्ट्यासकट, वर मोज्यांचे गोळे. त्यावरून आमच्याकडे लग्नापासून भांडण आहे. शेजारी शर्ट. त्यापलीकडे चपला. मधला माणूस तेवढा नाही.

माणूस हाफ पँट घालून मागच्या अंगणाच्या पलीकडे, पडलेलं कुंपण उभं करायला शेजाऱ्याला मदत करत होता. पोरीला काय माहीत? तिने मला फोन लावला. मी मीटिंगमध्ये, फोन पर्समध्ये, आवाज बंद. मग तिने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिने नगरला आजीला फोन लावला. तिकडे रात्रीचे अडीच वाजलेले.

का, तर तिचा हिशेब साधा होता. आपल्या घरात वर नक्की घेतलं जाईल असं माणूस एकच, आजी. आजीने फोन उचलला तर अजून काही झालेलं नाही. नाही उचलला, तर झालं.

आजीने उचलला. पोरीने विचारलं, "आजी, तू आहेस?"

"आहे की. मी कुठं जाते? खोकल्यानं झोप नाही बाई. कोण गेलं?"

अडीच वाजता अमेरिकेहून फोन आला की आपल्याकडे हाच प्रश्न विचारतात. आणि पोर तो प्रश्न ऐकून हमसून हमसून रडायला लागली.

आता सांगा, याला विश्वास म्हणायचं? टेबलामागच्या बाई म्हणतील, बघ, किती गंभीरपणे घेतलं मुलीने! या मालिकेच्या चाहत्यांचं हे नेहमीचंच. वाचकांची पत्रं आली, आम्ही वाचलो, आमचं तारण झालं, नवरा दारू सोडून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यायला लागला. 2003 मध्ये तर अशा बदललेल्या वाचकांच्या कहाण्यांचं वेगळं पुस्तकच काढलं होतं. नवऱ्याची दारू सुटली असेल तर छानच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बापाची पँट जमिनीवर पाहून ज्या मुलांचे पाय लटपटले, त्यांची पत्रं कोणी छापली? इथे वाढलेल्या कुठल्याही चाळिशीच्या माणसाला विचारा. शाळेतून आलो, घरात कोणी नव्हतं, वाटलं झालं. ही गोष्ट निम्मे जण सांगतात, आणि हसत हसत सांगतात, ते हसू मला बघवत नाही.

आता दुसरी बाजू, कारण आज मी सगळ्यांवर चिडलेली आहे.

संध्याकाळी आपल्या मराठी लोकांच्यात जेवण होतं. मी हे सगळं तावातावाने सांगत होते, तर एक मैत्रीण (तुला टॅग करत नाही, तुला कळलंय) भाकरी मोडता मोडता म्हणते, "पण तुमच्यात खरंच असं मानतात का गं, कपडे इथे पडणार आणि माणसं भुर्रकन वर?" सगळे हसले. 'तुमच्यात'!

हसा. हसण्यासारखं आहेच. जगातली यच्चयावत मुलं नाहीशी झाली आहेत, आयांच्या पोटातली बाळंसुद्धा, आणि पुस्तकातली मोठी माणसं दोन-चार दिवसांत विमानं पकडून मीटिंगांना जातायत. रस्तोरस्ती आया उर बडवताना दिसायला हव्यात, तिथे कादंबरीतला पत्रकार फोनची लाइन कुठे मिळेल या विवंचनेत. एवढं दगडी काळीज लेखकांचं. पण हसताना तुम्ही मला त्या खोक्यात बसवता, त्याचं काय?

आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 साली. कपडे इथे ठेवून वर जाण्याची ही सात वर्षांच्या संकटाची आकृती जॉन डार्बी नावाच्या माणसाने त्याच दशकात तिकडे इंग्लंड-आयर्लंडात मांडायला घेतली होती. अमेरिकेत ती रुजली नंतर, आणि 1909 च्या स्कोफील्डच्या टिपांच्या बायबलने घरोघरी पोचली. म्हणजे माझ्या पणजोबांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बॉस्टनहून आलेल्या पाद्री साहेबांच्या पेटाऱ्यात हे नव्हतंच. त्यांच्या पेटाऱ्यात शाळा होत्या, छापखाना होता. त्यांचेही दोष होते, भरपूर होते, तो विषय आज नाही. आम्ही नारायण वामन टिळकांची पदं म्हणत वाढलो. दुसऱ्या आगमनावर आमचा विश्वास आहे, हो, आहे, दर रविवारी म्हणतो आम्ही ते. पण विमानातून गायब होणारे प्रवासी आमच्या कुठल्याच आजोबांनी ऐकले नव्हते. आणि इथेही सगळे चर्चवाले टाळ्या वाजवत नव्हते. बार्बरा रॉसिंग या लुथरन प्राध्यापक बाईंनी 2004 मध्ये या सगळ्या प्रकाराविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलंय. कॅथलिक तर चिडलेच, कारण कादंबरीत पोप वर घेतले जातात ते पोपविरुद्ध बंड केलेल्या ल्यूथरसारखं बोलायला लागल्यामुळे! हे वाचून माझी वसईची मैत्रीण आठवडाभर धुसफुसत होती.

ज्या वचनावर हा डोलारा उभा आहे ते थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. आपल्यापैकी ज्यांनी ख्रिस्ती माणसाचा दफनविधी पाहिलाय त्यांनी ते ऐकलंय. माझ्या वडिलांच्या वेळी पाळक साहेबांनी तेच वाचलं, कबरीच्या कडेला उभं राहून, वारा इतका होता की पान एका काकांनी धरून ठेवलं होतं. थेस्सलनीकाच्या मंडळीतली माणसं मेली होती, मागचे रडत होते, त्यांना पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की अगदीच आशा नसल्यासारखे रडू नका, जे गेले ते आधी उठतील, मग आपण सगळे मिळून प्रभूला भेटू. आणि शेवट काय, तर या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. सांत्वन! दुखवट्याला लिहिलेलं पत्र आहे ते. त्याची या दोघा लेखकांनी धमकीची चिठ्ठी केली आणि पोरांच्या दप्तरात घातली.

लगेच कोणीतरी मत्तयच्या शुभवर्तमानाचा 24 वा अध्याय काढेल. दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल. जरा दोन ओळी वर जा ना. तिथे नोहा आहे. पूर आला आणि ज्यांना घेऊन गेला ते बुडाले. मागे राहिला तो नोहा! मला तर बाबा जात्यापाशीच ठेवा.

हे सगळं मी आईला त्या पँटच्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी फोनवर ऐकवायला गेले, तर तिने मलाच झापलं. "प्रभू चोरासारखा येईल असं लिहिलंय, म्हणजे अवचित येईल. लेकरं चोरायला येईल असं कुठं लिहिलंय? पोरीला काय वाचायला देताय तिकडं?"

मी दिलं नव्हतं. दिलं होतं समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी. आणि इथे माझा राग दर वेळी अडखळतो.

कारण पँटचा किस्सा झाल्यावर मी ती पुस्तकं घेऊन तरातरा रस्ता ओलांडून गेले होते. चांगलं सुनवायचं ठरवून. त्यांनी दार उघडलं, मला बसवलं, आणि पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान उघडून दाखवलं. त्यावर पेन्सिलने, वाकड्या अक्षरात, त्यांच्या मुलाचं नाव. तो 2006 मध्ये इराकमध्ये मारला गेला. सैन्यात होता, वीस वर्षांचाही नव्हता. नवरा त्याच्या आधीच वारलेला. त्यांच्याकडे मोठ्यांची मालिकाही आहे, सगळे भाग, पानं सुटलेली. ख्रिस्तविरोधी, बाबेल, अणुबॉम्ब, त्यातलं काहीच त्या बोलल्या नाहीत. त्यांना त्यातलं एवढंच हवं होतं की एका सकाळी तो आधी उठेल आणि मग त्या. म्हणजे कादंबरीची सगळी धडाडधूम बाजूला सारून त्या बाई पौलापर्यंत पोचल्या होत्या, आपल्या आपण. एमी फ्रिकहोम नावाच्या संशोधक बाईंनी या मालिकेच्या वाचकांना भेटून पुस्तक लिहिलंय, तेही 2004 चं. त्यातही हेच दिसतं, की वाचणारे आपापलं काढून घेतात, लेखकाचं सगळं मुकाट्याने गिळत नाहीत. बरं, मान्य. सगळे वाचक मेंढरं नसतात.

मी काही बोलले नाही. चहा घेतला. पुस्तकं मात्र परत देऊन आले, आणि सांगितलं की तिला भीती वाटली. त्या "ओह हनी" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी केळ्याचा केक घेऊन आल्या.

पण त्या पन्नाशी ओलांडलेल्या, दुःखाने पोळलेल्या. बारा वर्षांच्या मुलाला कुठून यावी ती ताकद? आणि बारावा भाग आठवला की माझं सांत्वन वगैरे सगळं पुन्हा उडून जातं. प्रभू येतो, बोलतो, आणि विश्वास न ठेवणारे जागच्या जागी फाटून पडतात. पानंच्या पानं. वाचणाऱ्याने इथे आनंद मानायचा असतो. मी वाचताना आमच्या वाड्यातली माणसं मोजत होते. नाताळला आमच्या करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं ज्या घरांत जायची ती सगळी घरं. माझे वडील गेले तेव्हा रात्रभर आईजवळ बसलेल्या शेजारच्या काकू, ज्यांनी आयुष्यात गुरुवार सोडला नाही. त्यांना असं मारणारा येशू माझ्या आईला दाखवला तर ती त्याला दारातून आत घेणार नाही.

तेव्हा टेबलामागच्या बाईंनी खुशाल रुसावं. हैदराबादच्या त्या तरुण आईने खोका घेतला नाही, चित्रांचं एक बायबल घेतलं.

खाली भांडायला येणार असाल तर चौथा अध्याय वाचून या. 'सगळेच धर्म असेच' हे लिहायला येणाऱ्यांनी येऊच नका, आज माझ्यात ताकद नाही. आणि सिनेमाबद्दल विचारणाऱ्यांना: हो, 2014 चा निकोलस केजचा आहे, त्यात तोच पायलट. लेक आता कॉलेजात आहे, तिने तो रूममेट्सबरोबर बघायला घेतला. म्हणे विमान खाली उतरायच्या आत सगळ्या झोपल्या होत्या.