तीन दिवसांच्या उन्हाने उतार सुरक्षित होत नाही

काका, नमस्कार. हिमस्खलनावरचा लेख उगाच घाबरवतो, असा तुमचा आक्षेप आहे. बर्फ पडून तीन दिवस कडक ऊन मिळालं की तो बसतो, शिवाय पुढे गेलेल्यांच्या पाऊलखुणा असतातच, असं तुम्ही म्हणता. तुमचा बडोद्याचा गट फेब्रुवारीत गुलमर्गला, अफरवटच्या उतारांवर जाणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अर्धं तुमचं बरोबर आहे. ताज्या बर्फाचा धोका पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो, मग बराच ओसरतो. काळजी खालच्या जुन्या थराची. समजा, हंगामाच्या सुरुवातीला बर्फ जेमतेम 60 सेंटिमीटर आहे. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, पृष्ठभागावर उणे 15. म्हणजे दर 10 सेंटिमीटरला अडीच अंशांचा फरक. हा फरक साधारण एक अंशावर गेला की खालची वाफ वर सरकते आणि कण एकमेकांना धरायचे सोडून खडीसाखरेसारखे टोकेरी, सुटे होतात. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. त्यावर वाऱ्याने आणलेला बर्फ घट्ट बसला, की सुट्या साखरेवर स्लॅब टाकल्यासारखं होतं. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारावर हा थर कित्येक आठवडे टिकतो. तुमचं ऊन तिथे पोहोचतच नाही.

पाऊलखुणांवर तर मुळीच विसंबू नका. नऊ जण सुखरूप जातात, दहाव्याचा पाय खडकाजवळच्या पातळ बर्फावर पडतो आणि तडा तिथूनच धावतो.

उतार मोजाच, बहुतेक स्लॅब, म्हणजे वरचे घट्ट थर, 30 ते 45 अंशांवरच सुटतात. 120 सेंटिमीटरच्या दोन काठ्या घ्या. एक बर्फावर उभी धरा, रुतू देऊ नका. दुसरीचं टोक वरच्या बाजूला बर्फाला टेकवून ती आडवी, समतल धरा. उभ्या काठीला ती 70 सेंटिमीटरवर लागली तर 30 अंश, वरच्या टोकाला लागली तर 45.

मग खड्डा खणून उताराला आडवा 90 सेंटिमीटर रुंद आणि चढाच्या दिशेने 30 सेंटिमीटर असा ठोकळा मागून आणि बाजूंनी मोकळा करा. एका टोकावर फावडं ठेवून दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तडा एका झटक्यात आरपार गेला, तर परत फिरा. नाही गेला, तरी ती त्या एका जागेची खबर आहे, परवाना नव्हे.

गाडलेल्या माणसाला पहिल्या 10-15 मिनिटांत काढावं लागतं, तेव्हा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. निघण्याआधी कमाटीबागेत एक ट्रान्सीव्हर पिशवीत लपवून शोधायचा सराव करा, आणि शोधताना मोबाइल 50 सेंटिमीटर तरी लांब ठेवा.