दोन देशांच्या बँका तोलायच्यात? आधी सीमा आखा

कुठल्या देशाच्या बँका जास्त कार्यक्षम आणि वर्षागणिक कोण पुढे सरकलं, हे मोजायची हौस आली असेल तर सरळ बेळगावला या. या शास्त्राचा सगळा डोलारा 'सीमा' नावाच्या रेषेवर उभा आहे, आणि सीमेतलं आम्हाला जेवढं कळतं तेवढं तुमच्या प्रबंधाच्या मार्गदर्शकालाही कळत नसेल.

रीत सोपी आहे, नाव तेवढं भारी: डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी ती १९७८ साली मांडली. कमी माणसांत, कमी खर्चात जास्त काम उरकणाऱ्या बँका जोडून रेषा आखायची. रेषेवर बसेल तिला १ गुण, आत राहील तिला त्याहून कमी. गंमत म्हणजे कुठल्या निकषाला किती वजन, हे प्रत्येक बँकेला सर्वांत सोयीचं पडेल तसं धरतात. गणितात गचकलेल्या पोराचा निकाल चित्रकलेवर लावावा, तसं. आणि पहिला नंबर जमवलेल्या बँकांपुरताच; वासरांत लंगडी गाय शहाणी. एवढं करूनही कुणी मागे राहिलंच, तर बँका कमी घ्या आणि निकष वाढवा. बहुतेक सगळ्या १ वर येतात.

देश भारत-पाकिस्तान घ्या, वाचक मिळतात. आपण १९६९ मध्ये १४ बँका सरकारी केल्या, १९८० मध्ये आणखी ६. त्यांनी १९७४ मध्ये केल्या आणि १९९१ पासून विकायला काढल्या. वर्षं मात्र जपून निवडा. भारत जिंकायला हवा असेल तर २०१८ पासून सुरुवात करा. तेव्हा आपली थकीत कर्जं ११ टक्क्यांच्या पुढे होती. २०२४ च्या मार्चला थांबा, २.८ टक्के. मधल्या काळात किती वसूल झाली आणि किती नुसतीच वहीतून खोडली, ते तळटीपेत, बारीक अक्षरात.

मग येतो खरा पेच. दोन्ही देशांना एकच सीमा की ज्याची त्याला वेगळी? एकच आखली तर कायदे, व्याजदर, परिस्थिती वेगळी असूनही एक देश उगाच ढ ठरतो. वेगळ्या आखल्या तर तुलनाच उरत नाही. घाबरू नका. आमच्या सीमेवर महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. तुम्हाला प्रबंधाला मुदतवाढ मिळेलच.

काळाच्या हिशेबाला माल्मक्विस्ट निर्देशांक वापरा. बँक स्वतः सुधारली की सीमाच सरकली, हे तो वेगळं करून दाखवतो. आमच्या आजोबांना हे शिकवावं लागलं नसतं. १ नोव्हेंबर १९५६ ला ते ओसरीवर पान लावत बसल्या जागी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले.

राहिल्या ठेवी. ठेव हा बँकेचा कच्चा माल की पक्का, यावर दोन पंथ आहेत. निकाल चांगला येईल तो धरा. मावशीची ठेव दिवाळीतच पिकली. परवा शनिवारी तिच्याबरोबर तिसरा हेलपाटा घातला. दोरीला बांधलेल्या पेनानं तिनं फॉर्म भरला, तर खिडकीतून मान वर न करता कानडीत उत्तर आलं, "लिंक इल्ला, नाळे बन्नी." हेलपाटे आणि रिक्षाभाडं मावशीच्या खिशातलं, म्हणून बँकेच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. गुण १.

पायरी उतरताना मावशी म्हणाली, "नाळे म्हणजे उद्या न्हवं? उद्या ऐतवार की रे."