उंची वाढली म्हणजे प्रगती झाली, हे ठरवलं कुणी?

आज दुपारी जेवताना ऑफिसातल्या एकाने मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचून दाखवली. पृथ्वी वाचवायची तर माणसाचं शरीरच लहान करायला हवं, असं काही मंडळी गंभीरपणे मांडतायत म्हणे. अख्खं टेबल खो-खो हसलं. मग हसता हसता नजरा माझ्याकडे वळल्या आणि एकजण म्हणाला, "मॅडमनी तर कामाला सुरुवातही केली!" माझी उंची १४७ सेंटिमीटर आहे. मी जेवण तसंच टाकून उठले. संध्याकाळ झाली तरी राग उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय.

ज्यावर हे सगळे हसले ते कुणाच्या डोक्यातलं खूळ नाही. २०१२ साली एस. मॅथ्यू लियाओ, अँडर्स सँडबर्ग आणि रेबेका रोश या तिघा तत्त्वज्ञांनी हवामानबदलावर एक निबंध लिहिला. कारखाने बदला, गाड्या बदला, कर लावा असं आपण म्हणतो, मग माणसाने स्वतःच का बदलू नये, हा त्यांचा प्रश्न. हिशेबही मांडलाय. अमेरिकन माणसाची सरासरी उंची १५ सेंटिमीटरने कमी झाली तर पुरुषांचं वजन २१ टक्के आणि स्त्रियांचं २५ टक्के घटेल, आणि शरीर नुसतं चालू ठेवायला लागणारी ऊर्जा १५ ते १८ टक्क्यांनी कमी होईल. सक्ती नको, ज्याला करायचं त्याने स्वखुशीने करावं, हेही त्यात आहे. आर्ने हेन्ड्रिक्स नावाचा डच कलाकार तर ५० सेंटिमीटरच्या माणसाची कल्पना घेऊन कित्येक वर्षं काम करतोय. तोही कुठला, तर नेदरलँड्सचा, जिथे पुरुषांची सरासरी उंची १८३ सेंटिमीटरच्या आसपास आहे.

५० सेंटिमीटर मला पटत नाही, हे सांगून टाकते. उंची निम्मी झाली की वजन आठव्या हिश्श्यावर येतं, पण भूक तेवढी कमी होत नाही. माक्स क्लायबर या जीवशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवलं होतं की शरीर लहान होत जातं तशी ऊर्जेची गरज वजनापेक्षा सावकाश उतरते. त्या हिशेबाने निम्म्या उंचीच्या माणसाला आजच्या साधारण एक पंचमांश ऊर्जा लागेल. शिवाय लहान अंगातून उष्णता भराभर निघून जाते. मान्य. पण १५ सेंटिमीटर? त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?

मागच्या वर्षी मुलीला तपासणीला नेलं होतं. मुलगी ठणठणीत. खेळते, पोहते, वर्षभरात साधं तापानेही अंथरूण धरलं नाही. पण वाढीच्या तक्त्यावर तिचा ठिपका सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली पडतो. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, डाव्या हाताचा एक्स-रे काढला. तो उजेडावर धरून डॉक्टरांनी बोटांच्या पेरांमधल्या बारीक काळ्या फटी दाखवल्या. "इथली कूर्चा अजून भरलेली नाही, म्हणजे अजून वेळ आहे." रिपोर्ट सगळे नॉर्मल. तरी पुढचं वाक्य, "वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं सुरू करू या." रोज एक, काही वर्षं. मी विचारलं, आजार कुठला? ते म्हणाले, "आजार काहीच नाही, पण उंची..." आणि वाक्य तिथेच सोडलं, जणू पुढचं मला कळायलाच हवं.

कळलं ना. मला पुरेपूर कळलं. पोर शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती, ते मात्र त्यांना कळलं नाही.

हा काही एकट्या डॉक्टरांचा हट्ट नाही. २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हे हार्मोन असल्या मुलांसाठीही मंजूर केलं, ज्यांच्या उंचीमागे कुठलंही कारण सापडत नाही. उंचीच्या क्रमाने मुलं उभी केली तर शेवटची १.२ टक्के. आता बघा, क्रम लावला की कुणीतरी शेवटी असणारच! सगळ्यांना दहा-दहा सेंटिमीटर वाढवलं तरी शेवटची १.२ टक्के उरणारच. मग त्यांना टोचायचं? हे कुठे जाऊन थांबणार?

माणसांची उंची वाढतच आलीय. १८९६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली जन्मलेल्या पिढ्यांची तुलना केली तर दक्षिण कोरियातल्या बायका सुमारे २० सेंटिमीटरने उंच झाल्या, इराणमधले पुरुष १६ सेंटिमीटरहून जास्त. चांगलं अन्न, स्वच्छ पाणी, कमी आजारपण यातून हे झालं, त्याचा आनंदच आहे. पण उंच शरीराला जास्त खायला लागतं, जास्त कापड लागतं, मोठं अंथरूण, मोठी गाडी लागते, हे त्या शंभर वर्षांत कुणी मोठ्याने म्हटलं? माणसं मोठी होतायत यावर कुठल्या टेबलावर कुणी हसलं? लहान व्हावं म्हटलं की मात्र सगळ्यांच्या पोटात दुखायला लागतं हसून.

इथे कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच लिहिते. शरीर स्वतः जेमतेम १०० वॉटवर चालतं आणि जगातला सरासरी माणूस घर, प्रवास, कारखाने सगळं धरून त्याच्या वीसपटीहून जास्त ऊर्जा वापरतो. म्हणजे खरी उधळपट्टी शरीराबाहेर आहे. बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण शरीराबाहेरचं हे सगळं कुणाच्या मापाने बनवलंय? गाड्यांच्या धडक चाचणीत वर्षानुवर्षं मुख्य पुतळा होता तो साधारण १७५ सेंटिमीटर आणि ७८ किलोंच्या पुरुषाचा. मी गाडी चालवते तेव्हा पट्टा खांद्यावरून घसरून गळ्यावर येतो आणि पाय पोचावा म्हणून छाती स्टिअरिंगला टेकेपर्यंत सीट पुढे ओढावी लागते. मोठ्या माणसासाठी सगळं मोठं करायचं आणि उरलेल्यांनी त्यात स्वतःला कसंबसं बसवायचं, ही रीत पडलीय.

फ्लोरेसबद्दल वाचलं की मात्र माझा राग जरा निवळतो. इंडोनेशियातलं बेट. २००३ मध्ये तिथल्या लिआंग बुआ गुहेत एका प्रौढ स्त्रीचा सांगाडा मिळाला. उंची साधारण एक मीटर, मेंदू आपल्या एक तृतीयांशाच्या जवळपास. वेगळी मानवजात होती ती, सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीपर्यंत नांदलेली. बेटावर खायला मोजकंच असलं की मोठे प्राणी पिढ्यान्पिढ्या लहान होत जातात, तसं यांचंही झालं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तिथले हत्तीसारखे स्टेगोडॉनही लहानखुरेच होते. ही माणसं दगडाची हत्यारं घडवायची. एक मीटरची बाई, हातात दगडाचं पातं, आणि त्या बेटावर हजारो वर्षं टिकून राहिलेली तिची माणसं. तिला कुणी तक्त्यात बसवलं नाही. आपणही आता एका बेटावरच आहोत, फक्त ते गोल आहे.

पण इथेच मला त्या निबंधवाल्यांवरही चिडायचंय. शरीर लहान करण्याचा प्रयोग जगात आधीच चालू आहे, आणि तो कुणी स्वखुशीने करत नाही. २०२२ मध्ये पाच वर्षांखालची सुमारे १४ कोटी ८० लाख मुलं खुरटलेली होती. पोटात पुरेसं नाही, पुन्हा पुन्हा जुलाब, आईच उपाशी. त्यांची उंची कमी राहिली, आणि उंचीबरोबर शिकण्याची ताकद आणि पुढची कमाईही गेली. याला पर्यावरणाची बचत म्हणायला कुणाची जीभ रेटेल? उद्या कुणी म्हणालं की गरीब देशांतली माणसं लहान आहेत ते पृथ्वीला बरंच आहे, तर मी सगळ्यात आधी भांडायला उभी राहीन. भुकेने लहान राहिलेलं शरीर आणि पोटभर जेवून लहान असलेलं शरीर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझी मुलगी दुसऱ्या प्रकारातली आहे. तिला कशाचीही कमतरता नाही, हे त्या रिपोर्टांवर छापलेलं होतं!

औषधाने कुणाला लहान करण्याच्याही मी सक्त विरोधात आहे. तेही करून झालंय. १९५० च्या दशकापासून अमेरिका-ऑस्ट्रेलियात "फार उंच" होतील म्हणून धडधाकट मुलींना इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे मोठे डोस दिले, हाडांची वाढ लवकर थांबावी म्हणून. कारण काय, तर उंच मुलींना नवरा कसा मिळणार. पुढे त्यातल्या अनेकींना दिवस राहायला त्रास झाल्याचं अभ्यासात दिसलं. मुलगी उंच असली तरी औषध, बुटकी असली तरी औषध. तिचं शरीर तिच्या मापाचं आहे, हे मान्य करायला इतकं जड का जातं आपल्याला?

माझं म्हणणं फार मोठं नाही. सगळ्या मुलांना पोटभर आणि चांगलं मिळू दे, मग ज्याला जेवढं वाढायचं तेवढं वाढू दे. जी लहान राहतील त्यांना दुरुस्त करायला धावू नका. उंच शरीरात कर्करोगाचा धोका थोडा जास्त असतो, हे मोठमोठ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय (बुटक्यांना हृदयविकाराचा थोडा जास्त, तेही खरं). म्हणजे निसर्गाने उंचीला झुकतं माप दिलेलं नाही. ते आपण दिलं. दोन-तीन पिढ्या आपण उंचीचा हव्यास सोडला, तर कुणालाही न टोचता, कुणावरही सक्ती न करता निदान ही चढाओढ तरी थांबेल.

तपासणीच्या त्या दिवशी डॉक्टरांकडून निघताना मुलीने विचारलं होतं, "आई, मी किती वाढले की पुरे होईल?" मी तिथेच जिन्यात खाली बसले आणि तिला जवळ घेतलं. इंजेक्शनं सुरू केली नाहीत. घरात यावरून अजूनही वाद होतात, सासूबाईंना वाटतं मी पोरीचं नुकसान करतेय. त्यांच्या काळजीत खोट नाही. त्यांनाही आयुष्यभर बुटकी म्हणूनच हिणवलंय लोकांनी.

तुमच्यापैकी कुणी आत्ता याच निर्णयापाशी असेल तर इनबॉक्समध्ये या. ज्या मुलांच्या अंगात हार्मोनच तयार होत नाही त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना औषध हवंच, त्यात मी काही बोलणार नाही. बाकीच्यांनी डॉक्टरांना एवढं तरी नक्की विचारा: आजाराचं नाव काय, किती सेंटिमीटर मिळणार, किती वर्षं टोचायचं, आणि नाही टोचलं तर नेमकं काय बिघडणार. आणि हे विचारताना मूल खोलीच्या बाहेर असू द्या.